माझ्या नावाची मूठ

मोठमाय कुठल्याही देवळात गेली की आधी हात जोडत नसे. सरळ मागे जाऊन मोरी बघायची. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे वाकायची, पदर नाकाला लावायची आणि तिथूनच पुजाऱ्याला हाक मारायची, "ओ बुवा, आठे या. हाई काय शे? देवनी आंघोळनं पानी आठे सडी ऱ्हायनं, आन तुम्ही पुढे घंटी वाजाडतस?" बुवा ओशाळून खराटा घेऊन येईपर्यंत ती हलत नसे. पाणी वाहतं झालं की मग पुढे येऊन हात जोडायची. तेही अर्धा मिनिट. "त्याले कामं शेत," म्हणायची, "माले बी शेत."

मोठमाय म्हणजे माझी थोरली चुलती. तापीकाठच्या आमच्या गावात वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोला मोठी माय म्हणतात. हाका मारून मारून तिची मोठमाय झाली. काका लवकर गेले. त्यानंतर कापूस, पपई, विहिरीची मोटार, भाऊबंदांची भांडणं, सगळं तिने अंगावर घेतलं आणि त्यातलं एकही काम न रागावता केलं नाही. हवामानाची बातमी सांगणाऱ्या बाईवर ती टीव्हीसमोर उभी राहून ओरडायची. पाटाचं पाणी आमच्या शेताला चढेल असं सांगणाऱ्या साहेबाच्या पायाशी तिने तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि ते कुठे वाहतं ते बघायला साहेबाला उन्हात उभं केलं होतं. पाणी साहेबाच्या बुटात गेलं.

माझ्यावर तिचा विशेष राग. मी नंदुरबारला शाळेत मराठी शिकवतो. म्हणजे पोरांनी अहिराणीतलं 'शे' म्हटलं की 'आहे म्हणा' असं सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि घरी आलो की मीच शे-शे करतो. मोठमाय म्हणायची, "शाळामा एक तोंड, घरमा एक तोंड. सकायले दात घासाले कितला येळ लागत व्हई रे तुले, दिल्या?" सगळं घर हसायचं. मीही हसायचो. घरात गोष्टी सांगायचं, नकला करायचं, लोकांना हसवायचं काम माझ्याकडेच आहे. स्वतःवर हसणं त्यात सगळ्यात स्वस्त पडतं.

तिचं आणखी एक बोलणं होतं. "खोटं बोलनारले दोन फटका मारता येतस. जो बोलसच नही, त्याले कोठे मारशी?" तेव्हा मला ते नुसतं मजेशीर वाटायचं.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. देवी म्हणजे मूर्ती नव्हे, नारळ. त्याला नथ, मंगळसूत्र, हळदकुंकू, लाल खण. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात, आंघोळ घालतात. काही घरांत नारळ दरवर्षी नवा असतो. आमच्या घरात तोच. मोठमायला तो तिच्या सासूने दिलेला, सासूला तिच्या सासूने. रंग काळा पडलेला, शेंडी झिजलेली, हलवला की आत गोटा खडखड वाजायचा. तो वर्षभर देवघरात असे आणि त्याच्यापुढे रोज संध्याकाळी दिवा लागे. घरातली माणसं उपाशी झोपली असतील. कानबाई अंधारात राहिली नाही.

चार वर्षांपूर्वी मोठमायच्या मुलाने, सुभाषने, सात माणसं बसतील अशी गाडी घेतली. गाडीचा पहिला प्रवास देवाला हवा आणि पोरांना समुद्र बघायचा होता. सुभाषला कोणीतरी सांगितलं की कोकणात एका किनाऱ्यावरच्या गावी फार जुनं शंकराचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, कोरीव खांबांचं, भरतीच्या लाटा पायरीला येऊन लागतात. ठरलं. सुभाष, लतावहिनी, त्यांची दोन पोरं, मी, माझी बायको आणि मोठमाय; माझा पोरगा तेव्हा बाहेरगावी शिकायला होता. घराला चार दिवस कुलूप लागणार.

"मंग दिवा कोन लावी?" मोठमायने विचारलं.

शेजारणीला किल्ली देऊ, असं वहिनी म्हणाल्या. मोठमाय भडकली. "शेजारीन तुले भाकर देई. देव नही सांभाळाव." आणि निघायच्या दिवशी तिने कानबाईला आंघोळ घातली, नथ नीट केली, खणात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली, डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. वाटेत दोन ठिकाणी मुक्काम झाला. दोन्हीकडे लॉजच्या खोलीत टेबलावर कानबाई आणि तिच्यापुढे दिवा. लॉजवाला आगीच्या भीतीने बोलायला आला आणि ऐकून परत गेला.

देऊळ खरोखरच सुंदर होतं. त्याची तक्रार मोठमायनेही केली नाही. दगडाला दगड असा बसवलेला की मध्ये नख जाऊ नये, खांबांवर हंस आणि वेली, आणि मागे तो अवाढव्य निळा पसारा. पाच मिनिटं ती समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतलं पानी, आन शेत एक बी नही." तिला ती उधळपट्टी वाटली.

रांग मोठी होती. सुट्टीचे दिवस, शहरांतून आलेली माणसं. वहिनी आणि माझी बायको पोरांना घेऊन वाळूत गेल्या होत्या, सुभाष गाडी लावायला. रांगेत मी आणि मोठमाय. डबा आत नेऊ देत नाहीत, असं बाहेरच्या पहारेकऱ्याने सांगितलं. मोठमायने कानबाई काढून हातात घेतली, डबा चपलांपाशी ठेवला. दोन ठिकाणी मुक्काम केलेल्या देवीला महादेवाचं दर्शन घडवायचं, एवढंच तिच्या मनात. रांग सरकली. देवळाची मागची बाजू दिसू लागली तशी तिची मान तिकडे वळली. मला कळलं. मोरी.

"धर," तिने कानबाई माझ्या हातात दिली. "दोन्ही हातघाईन. मी येस."

मी धरली. दोन्ही हातांनी.

पायऱ्यांच्या तोंडाशी एक माणूस दगडी उखळासारख्या खळग्याजवळ बसला होता. हातात कोयता, अंगठ्याला चिंधी बांधलेली. रांगेतला प्रत्येक जण नारळ पुढे करी, तो एका घावात दोन भकलं करी, पाणी खळग्यात, एक भकल टोपलीत, एक भक्ताच्या हातात. त्याचे हात यंत्रासारखे चालले होते, पण तो यंत्र नव्हता. माझ्यापाशी आला तेव्हा थांबला.

"हे काय हो, नथबिथ?" त्याने विचारलं.

माझ्या मागे एक बाई उभी होती. छान साडी, छान मराठी. ती तिच्या नवऱ्याला म्हणाली, "अय्या, बघितलंस? नारळाला नथ!" आणि दोघं हसली. वाईट हसली नाहीत. लहान मुलाने उलटा सदरा घातला तर आपण हसतो तशी हसली.

त्या माणसाने पुन्हा विचारलं. मला आजही त्याचे शब्द पाठ आहेत, कारण ते अगदी साधे होते. "फोडायचा ना?"

मी तोंड उघडलं. काय म्हणायचं होतं ते मला येत होतं: हा नारळ नाही, ही आमची देवी आहे. पंचवीस वर्षं मराठी शिकवतो, सात शब्दांचं वाक्य मला येत नाही असं कसं होईल? पण ते वाक्य त्या बाईच्या समोर म्हणायचं होतं. ती विचारणार, म्हणजे कशी? मी सांगणार कानबाई. ती म्हणणार, कुठे असते? मी म्हणणार नंदुरबार. ती म्हणणार, गुजरातमध्ये ना? हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं आणि मला कानाच्या पाळीपर्यंत लाज वाटली. देवीची नव्हे. स्वतःची. मी नथ काढून खिशात टाकली. मीच काढली. आणि मान हलवली.

कोयता पडला.

आतून पाणी आलं नाही. वाळलेला, तेलकट, पिवळा पडलेला गोटा बाहेर आला आणि खवट वास सुटला. "असला नारळ आणतात होय देवाला?" तो माणूस वैतागून म्हणाला. मागची बाई दोन पावलं सरकली. आणि मी वळून बघितलं तर देवळाच्या कोपऱ्यावर, दहा पावलांवर, मोठमाय उभी होती. तिचे हात ओले होते. मोरीत काहीतरी अडकलेलं तिने काढलं असावं.

ती ज्या आवाजात ओरडली तो मी त्याआधी एकदाच ऐकला होता, काका गेले तेव्हा. तिने ती दोन भकलं खळग्यातून उचलली, गोट्याचे तुकडे वेचले, सगळं पदरात घेतलं आणि मग सुरू झाली. कोयतेवाल्यावर, रांगेवर, देवळावर, कळसावर. सुभाष धावत आला. वहिनी वाळूतून आल्या. "काय व्हयनं? काय व्हयनं?"

कोयतेवाला उठून उभा राहिला होता. त्याला काहीच कळेना. "मी विचारूनच—" तो म्हणू लागला.

आणि इथे मी बोललो. आधी जो आवाज निघाला नव्हता तो आता असा निघाला की काय सांगू. "विचारलंत? हिसकावलात तुम्ही माझ्या हातातून! लोकांच्या श्रद्धेची काही चाड आहे की नाही?" माझी प्रमाणभाषा त्या दिवशी फार खुलली. 'चाड' हा शब्द मी त्याआधी फक्त फळ्यावर लिहिला होता. रांगेतली माणसं माझ्या बाजूने बोलू लागली. ती छान साडीवाली बाईसुद्धा. तिने सगळं पाहिलं होतं. पण माझं मराठी तिच्यासारखं होतं, त्याचं नव्हतं.

देवस्थानचे एक कारभारी आले. पांढरे कपडे, खिशाला पेन. "आजी, आवाज खाली. हे देवस्थान आहे."

"आन ही काय व्हती? भेंडी?" मोठमायने पदर पसरून दाखवला.

त्यांना भाषा कळेना. "तुम्ही गुजरातचे का?"

"नंदुरबार महाराष्ट्रात आहे," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.

कारभाऱ्यांनी समजूत काढली. म्हणाले, आमच्याकडे नारळाला काय तोटा, दुकानातून हवा तो नवा घ्या, देवस्थानकडून. मोठमाय त्यांच्याकडे बघत राहिली. मग सावकाश, एकेक शब्द त्यांना कळावा म्हणून वेगळा करून बोलली, "तुन्ही माय मरी गयी, तर बजारमाईन दुसरी लई येस का?"

हे मात्र त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. चेहरा उतरलेली माणसं खालच्या माणसावर रागावतात, तसे ते कोयतेवाल्यावर रागावले. "किती वेळा सांगितलं, बघून घेत जा! जा घरी. उद्यापासून येऊ नकोस." सुभाष म्हणाला, "बरोबर. असल्याले ठेवानाच नही." कोयतेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. कोयता लुंगीला पुसला. रांगेत उभे असलेले पन्नास लोक आणि मी एका बाजूला, तो एका बाजूला, काय बोलणार?

तेवढ्यात मोठमाय मध्येच थांबली. तिचा सूर बदलला. "त्याले कसाले काढतस? त्यानी काय चुकी शे?" तिने कारभाऱ्यांना विचारलं. दोनदा विचारलं. "त्याले नका काढू. मी सांगस तुम्हले." सुभाष चिडला, "माय, आते तूच उलटी बोलस का?" वहिनी म्हणाल्या, केवढं मोठं मन. कारभारी म्हणाले, बघू, बघू. सगळ्यांना वाटलं म्हातारीला दया आली. मला एकट्याला माहीत होतं की ती दहा पावलांवर उभी होती.

तिने माझ्यावर एक शब्दही खर्च केला नाही.

पदर तसाच धरून ती समुद्रावर गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने भकलं सोडली. लाटेने परत आणली. पुन्हा सोडली, पुन्हा परत. तिसऱ्यांदा ती समुद्रावरच खवळली. "इतलं पानी शे तुन्हाकडे! एक नारळ लेता येत नही?" किनाऱ्यावर एक म्हातारी कोळीण जाळ्यातली मासळी निवडत बसली होती. ती उठून आली. पदरात काय आहे ते तिने बघितलं, कुंकू बघितलं, आणि कोणी काही सांगायच्या आत डोक्यावर पदर घेतला.

"देवी व्हती?"

"व्हती," मोठमाय म्हणाली.

"बाय, आता भरती हाय. किती टाकशील तरी परत येनार. बस जरा. पानी उतरू दे, मंग मी येतंय तुझ्यासंगती."

ना त्या बाईला अहिराणी येत होती, ना मोठमायला तिचं बोलणं. दोघी ओळीने वाळूत बसल्या. कोळीण मासळी निवडत राहिली, मोठमाय पदर धरून राहिली. ऊन कललं तेव्हा पाणी मागे सरलं. दोघी कमरेइतक्या आत गेल्या. मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभा होतो. त्या दिवशी मला झेपलेलं काम तेवढंच.

गाडीत बसताना तिने माझ्यापुढे तळहात धरला. "नथ?" मी खिशातून काढून दिली. हिसकावलेल्या नारळाची नथ माझ्या खिशात कशी, हे गाडीतल्या पाचही जणांपैकी कोणी विचारलं नाही. तिने नथ बांगडीच्या आत दाबली आणि नंदुरबार येईपर्यंत समोर बघत बसली.

त्या श्रावणात नवी कानबाई आणली. विधी झाले, ब्राह्मण आला, गाणी झाली. कानबाईच्या आधी रोटाचे गहू काढतात. घरातल्या, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ गहू, त्याचं पीठ, त्याचे रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. लेकीच्या सासरच्याला, शेजाऱ्याला, कितीही जिवलग मित्राला त्यातला घास द्यायचा नाही. मोठमाय सुपाशी बसली. एकेक नाव घेऊन मूठ टाकत गेली. सुभाषची. सुभाषच्या पोराची. माझ्या पोराची. मग तिने सूप उचललं.

"माय, दिल्यानी ऱ्हायनी," सुभाष म्हणाला.

"गहू सरनात."

गव्हाची कोठी तिच्या मागेच होती, गळ्यापर्यंत भरलेली. सुभाषने कोठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोठमायशी वाद घालण्यापेक्षा पीठ दळायला गेला. जेवताना माझ्या ताटात भात, वरण, गंगाफळाची भाजी, खीर, रोट नाही. सगळ्यांना वाटलं, नारळ माझ्या हातून गेला म्हणून म्हातारी रुसली. "तुन्ही काय चुकी रे भो," भाऊबंद म्हणायचे, "त्यानी हिसकाडा, तू काय करशी?"

आणि मी मान हलवायचो. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

याहून वाईट पुढे आहे. मी ती गोष्ट सांगू लागलो. लग्नांत, बारशांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये. मी ती रंगवली. 'अय्या, नारळाला नथ' हे त्या बाईच्या आवाजात. 'भेंडी' मोठमायच्या आवाजात. कोयतेवाला दरवर्षी थोडा वाढत गेला. त्याला मिशी आली, डोळे लाल झाले, अंगठ्याची चिंधी गेली. शेवट नेहमी एकच: आपण त्याला कसा कामावरून काढायला लावला. लोक हसायचे, मग देवस्थानांवर चिडायचे, मग टाळी द्यायचे. मोठमाय कोपऱ्यात बसलेली असली की सगळं ऐकायची आणि हसणं थांबलं की म्हणायची, "आखो सांग. काही ऱ्हायनं व्हई."

आखो म्हणजे आणखी. लोकांना वाटे म्हातारीला गोष्ट फार आवडते. "सांग ना रे, मोठमाय सांगस ना!" मी पुन्हा सांगायचो. माझ्या पाठीवरून घाम वाहायचा आणि मी पुन्हा हिसकावून घ्यायचो. ती पुन्हा म्हणायची, "आखो सांग."

तीन श्रावण गेले. तीनदा मूठ नाही. दुसऱ्या वर्षी ती एकटी ओट्यावर मिरच्यांची देठं काढत असताना मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, मोठमाय, किती दिवस? तिने देठ तोडून माझ्या अंगावर टाकलं. "माले कसाले इचारस? तुन्हा तोंडले इचार. दोन शेत ना तुन्हाकडे?" मी म्हणालो, सगळ्यांसमोर कसं सांगू? ती एवढी रागावली की मिरच्यांचं सूप उलटं झालं. "सगळासमोर फोडाले लाज वाटनी नही तुले! सांगाले वाटस?" मग ती मिरच्या गोळा करू लागली. मी मदत करू लागलो तर हात झटकला.

तिने कोणालाही सांगितलं नाही. सुभाषला नाही, वहिनींना नाही. ती एक वाक्य बोलली असती तर मी मोकळा झालो असतो; दोन शिव्या, दोन दिवस अबोला, संपलं. म्हणूनच ती बोलली नाही. ते काम तिने माझ्यावर ठेवलं होतं, आणि आपण ठेवलेलं काम दुसऱ्याने उरकलेलं तिला खपत नसे.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. दवाखान्यातही तिचं आधी सलाईनच्या नळीकडे लक्ष. थेंब हळू पडतो म्हणून सिस्टरला झापलं. शेवटच्या दिवशी दुपारी मी चमच्याने पाणी पाजत होतो. ती प्यायली. मला वाटलं, आता काही म्हणेल. तिने डोळे उघडले, चमच्याकडे पाहिलं. "धाकला शे," म्हणाली. चमचा लहान होता. मी मोठा चमचा आणायला गेलो. परत आलो तेव्हा सुभाष रडत होता.

यंदाच्या श्रावणात सुपाशी लतावहिनी बसल्या. त्यांनी नावं घेतली. सुभाषचं, पोरांचं, आणि मग माझ्याकडे बघून हसत, भरभरून मूठ घेतली. "दिलीपभाऊ. चार वरीसनं एकदाच लेस."

पंगत बसली. चाळीसेक भाऊबंद. माझ्या ताटात रोट पडला. वर तुपाची धार. सुभाष समोर बसला होता. त्याचे डोळे भरलेले. "दिल्या, नारळनी गोष्ट सांग ना. माय ऱ्हाती तर आखो सांग म्हनती."

मी सुरुवात केली. गाडी, लॉजवाला, डबा. लोक हसू लागले. 'इतलं पानी, आन शेत एक बी नही' ला मोठा हशा. रांग आली, मोरी आली, छान साडीवाली आली. कोयतेवाला आला. सुभाष आधीच हसत होता, कारण आता मी हात पुढे झटकून नारळ ओढल्याची नक्कल करतो.

"त्यानी इचारं व्हतं," मी म्हणालो.

हशा थोडा चालूच राहिला.

"त्यानी इचारं, फोडायचा ना. मी मुंडी हालाई. नथ बी मीच काढी. मोठमायनी देखं."

"म्हंजे?" सुभाष म्हणाला.

"म्हंजे हिसकाडा नही."

पंगतीत कोणाची तरी वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. सुभाषचा हात घासावर थांबला होता. लहानपणी मी त्याला विहिरीत ढकललं तेव्हा त्याने बघितलं होतं, तसाच तो माझ्याकडे बघत होता. "त्या मानुसले आपन काढाडा ना रे?" तो हळू बोलला. "मी बोलनू व्हतू, असल्याले ठेवानाच नही. मी बोलनू व्हतू, दिल्या."

"व्हय."

"चार वरीस तू आम्हले हसाडस?"

माझी बायको माझ्याकडे बघत नव्हती.

लतावहिनी खिरीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं. पंगतीसमोरून चालत माझ्यापाशी आल्या, वाकल्या, आणि माझ्या ताटातला रोट दोन बोटांनी उचलून परातीत परत ठेवला.

"पुढला साल देखसूत," त्या म्हणाल्या. मग पातेल्यातला डाव उचलला. "भात वाढू?"

"वाढा," मी म्हणालो.